पासबुक कोणाच्या खिशात आहे?



दसरा आटोपला की आमच्या वाशीम जिल्ह्यात वावरावावरांतून मळणीयंत्रांची घरघर सुरू होते. सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या असतात, आभाळाचा भरवसा नसतो आणि यंत्रवाल्याला पुढच्या गावी जायची घाई असते. त्या घाईतच पुष्कळदा घात होतो. दिवसभर राबून डोळ्यांवर झापड आलेली असते, सदऱ्याची बाही ओढली जाते आणि पापणी लवायच्या आत माणसाचा हात जातो.

माझी सारी नोकरी कृषी विस्ताराची. बी-बियाणे, खते, फवारणी, हाच माझा नेहमीचा विषय. आज मात्र मी एका गेलेल्या हाताबद्दल आणि त्या हाताच्या पैशांबद्दल बोलणार आहे. त्यात माझीही एक चूक आहे, ती आधीच कबूल करतो.

२०१७ च्या हंगामातली गोष्ट. मालेगाव तालुक्यातल्या एका गावात दोघा भावांचे एकत्र कुटुंब. सातबाऱ्यावर दोघांची नावे, जमीन पाच एकर. व्यवहार सगळा थोरल्याकडे. धाकटा चाळिशीच्या आतबाहेर, कष्टाला वाघ. सोयाबीन काढताना त्याचा उजवा हात कोपराखाली गेला. घरात म्हातारी आई, त्याची बायको आणि एक मुलगी.

त्या वेळी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना होती. एक हात किंवा एक डोळा गेल्यास एक लाख रुपये मिळत. सातबारा, आठ-अ, पंचनामा, दवाखान्याचे कागद, अपंगत्वाचा दाखला, सारे गोळा करायला मी त्याच्या घरी पाच-सहा खेटे घातले. काही महिन्यांनी पैसे मंजूर झाले. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सायेब, आता या पैशाचं काय करू?"

मी त्याला काय सांगितले? मी सांगितले, "भाऊ, तू आता दगदग करू नको. सही तुला जमत नाही, बँकेत तुला कोण विचारणार? थोरला भाऊ आहे ना घरात. त्याच्या हाती दे, तो बघेल."

सांगताना मला वाटले की मी फार शहाणपणाचे बोललो. घर एकत्र राहील, पैसा सुरक्षित राहील. त्यानेही मान डोलावली. पासबुक, एटीएम कार्ड आणि त्याचा गुप्त आकडा, तिन्ही गोष्टी थोरल्याच्या पेटीत गेल्या.

दीड-दोन वर्षांनी तो मला पंचायत समितीच्या ओसरीत भेटला. रिकाम्या बाहीची गाठ मारलेली. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग हळूच म्हणाला, "सायेब, एक विचारू का? माह्या हाताचे पैसे कुठी गेले?"

मी गप्पच झालो. मग त्यानेच सांगितले. विहिरीची मोटार जळाली, ती नवी बसवली. पुतण्याची कॉलेजची फी भरली. घरावरची टिनं बदलली. कोणी चोरी केली नव्हती, दारूत उडवले नव्हते. पैसा घरातच लागला. पण त्याला कोणी एका शब्दाने विचारले नव्हते. आता त्याला दोन शेळ्या घ्यायच्या होत्या, बारा हजार हवे होते. भावाकडे मागितले तर भाऊ म्हणाला, "तुले एका हातानं काय जमणार? दोन टाइम जेवतं ना घरी?" म्हणून तो गावातल्या एकाकडून शेकडा पाचाने पैसे उचलायला निघाला होता.

शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभरावर पाच रुपये. बारा हजारांवर महिन्याला सहाशे, वर्षाला सात हजार दोनशे. मुद्दल तसेच उभे. ज्या माणसाच्या नावाने लाख रुपये आले होते, तो बारा हजारांसाठी सावकाराच्या दारी चालला होता. आणि त्याला त्या वाटेला लावण्यात माझा वाटा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही शिकलेली माणसे पिकाचे नियोजन सांगतो. पण हात-पाय-डोळा अधू असलेल्या माणसाला पैशाचे काही शिकवायचे असते, हे आमच्या ध्यानीमनीही नसते. त्याच्यासाठी आमच्याकडे दोनच शब्द. एक "बिचारा" आणि दुसरा "अनुदान". तो कमावतो, त्याला खर्च असतो, त्याला बचत हवी, कर्ज हवे, हे आपण धरतच नाही. पुढच्या रविवारी मी दोनशे पानी वही घेऊन त्याच्या घरी गेलो.

आता आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कारण तुमच्याही घरी ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आम्ही पैसा मोजलाच नाही. आधी काम मोजले. मी म्हटले, "महिनाभर तू रोज काय काय करतोस ते लिहून ठेव." त्याला लिहिता येत नव्हते, म्हणून सहावीतली मुलगी रोज संध्याकाळी लिहू लागली. महिन्याने वही उघडली तर काय? दोन म्हशी आणि बैलजोडीचे चारापाणी त्याच्याकडे. रब्बीत हरभऱ्याची रात्रीची राखण त्याच्याकडे, कारण रानडुकरे आणि रोही ऐकत नाहीत. शिवाय ओलिताच्या वेळी बारे धरायला मदत. घरात सगळे म्हणत, "तो बसूनच असतो."

मग आम्ही हिशेब मांडला. जनावरांसाठी माणूस ठेवला तर महिन्याला निदान तीन हजार, वर्षाचे छत्तीस हजार. राखणदार तीन महिने सहा हजारांप्रमाणे, म्हणजे अठरा हजार. एकूण चोपन्न हजार. त्यातून त्याच्या जेवणाखाण्याचे म्हणून महिन्याला दोन हजार, वर्षाचे चोवीस हजार, वजा केले. तरी तीस हजार उरतात. म्हणजे घर त्याला पोसत नव्हते, उलट तोच घराला दरसाल तीस हजारांनी पोसत होता. त्याच्या बायकोची मजुरी तर यात धरलीच नाही.

ही वही मी थोरल्यापुढे ठेवली. भांडायला गेलो नव्हतो, हे आवर्जून सांगतो. थोरला माणूस वाईट नव्हता. आई-बायको-पोरे, दवाखाना, सोसायटीचे कर्ज, सारे त्याच्या डोक्यावर. मी म्हटले, "भाऊ, एवढे आकडे बघा. चुकत असेल तर सांगा." त्याने दोनदा पाने उलटली. म्हणाला, "जेवणाचे दोन हजार कमी धरले, सायेब." मी म्हटले, "तीन धरा. तरी अठरा हजार उरतात." मग तो काही बोलला नाही. चहा झाल्यावर पेटीतून पासबुक काढून त्याने धाकट्याच्या मांडीवर ठेवले.

दुसरी गोष्ट सहीची. उजवा हात गेला म्हणजे सही गेली, असे आपण समजतो. ते खरे नाही. महिनाभर मुलीने बापाला डाव्या हाताने नाव गिरवायला लावले. बाप-लेक एकाच कंदिलाखाली, एकाच पाटीवर. वीज असली तरी कंदील, कारण आमच्याकडे संध्याकाळची वीज कधी जाईल याचा नेम नाही! अक्षर वेडेवाकडे, पण रोज एकसारखे येऊ लागले. मग नव्या सहीचा नमुना द्यायला आम्ही बँकेत गेलो. खिडकीवरच्या माणसाने आधी, "भावालाच जोडखातेदार करा, सोपं पडेल" असे सांगितले. माझ्याच जुन्या सल्ल्याचा तो पडसाद होता. मी शरमलो, पण हटलो नाही.

वाचकहो, या बाबतीत कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. २०१६ साली संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा केला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व धरलेले आहे. त्याच्या तेराव्या कलमात सांगितले आहे की, दिव्यांग माणसाला इतरांसारखाच मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळवण्याचा, आपला पैसा आपण सांभाळण्याचा आणि बँकेचे कर्ज घेण्याचा हक्क आहे. आणखी एक फार मोलाची गोष्ट त्यात आहे. जो माणूस त्याला व्यवहारात मदत करतो, त्याचाच जर त्या व्यवहारात स्वार्थ गुंतला असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरती मदत करायची नाही, बाजूला व्हायचे. म्हणजे समजा, भावाला मोटार घ्यायची आहे आणि पैसे धाकट्याचे आहेत, तर तिथे भावानेच भावाच्या वतीने "हो" म्हणायचे नाही.

रिझर्व्ह बँकेच्याही सूचना आहेत. दृष्टिहीन माणसाला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर यांसारख्या सोयी नाकारता येत नाहीत. ज्याला सही करता येत नाही, त्याचा हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. तेही जमत नसेल तर नुसती खूणही चालते, त्याच साक्षीने. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की सत्तरीपुढची माणसे आणि अपंग किंवा जर्जर माणसे यांना घरपोच बँकसेवा मिळण्याची व्यवस्था बँकांनी करावी. मागितल्याशिवाय आई जेवू घालत नाही, तिथे बँक काय करणार? म्हणून शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तिसरी गोष्ट तीन डब्यांची. घरात बिस्किटांचे तीन रिकामे डबे होते. एकावर मुलीने लिहिले "घर", दुसऱ्यावर "शेळ्या" आणि तिसऱ्यावर "अडचण". बायकोची मजुरी, दुधातला वाटा, आणि भावाने हंगामाला द्यायचे कबूल केलेले पैसे या तिन्हींत वाटायचे. अडचणीचा डबा कशासाठी? अपंग माणसाला एक जादा खर्च असतो, जो धडधाकट माणसाच्या लक्षातच येत नाही. नकली हाताचा पट्टा तुटतो. जिथे दुसरा सायकलने जातो तिथे याला ऑटो लागतो. तपासणीला जाताना सोबत माणूस न्यावा लागतो, म्हणजे दोघांचा रोज बुडतो. हा खर्च येणारच, हे धरून चालले तर सावकाराकडे जावे लागत नाही. सहा महिन्यांत "शेळ्या"च्या डब्यात साडेसात हजार जमले. तेवढ्यात त्याने एकच शेळी घेतली, दोन नाही. शेकडा पाचाचे पैसे उचलले नाहीत. मला विचाराल तर त्या वर्षीचे माझे सर्वांत मोठे विस्तारकार्य हेच.

हे बघून आजूबाजूच्या गावांतली आणखी माणसे येऊ लागली. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात नव्हते.

एक शिंपीकाम करणारा. लहानपणी पोलिओ झालेला, पायाने चालता येत नाही, हातांनी मात्र झकास कपडे शिवतो. त्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळत. ही योजना राज्यात १९८० सालापासून आहे. २०२३ मध्ये रक्कम महिना दीड हजार झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. तो दीड हजाराच्या वेळेस आला होता. म्हणाला, "सायेब, पैसे येतात, पण उरत नाहीत." आम्ही हिशेब केला. तालुक्याला जायला-यायला ऑटोचे ऐंशी, सोबत्याचा रोज तीनशे, त्याचे स्वतःचे बुडालेले शिवणकाम अडीचशे. एकूण सहाशे तीस. दीड हजार आणायला सहाशे तीस! आणि पैसे जमा झाले की नाही हे बघायलाच तो महिन्यातून दोनदा जाई. म्हणजे अनुदान जवळजवळ रस्त्यातच संपत होते. आता तो जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर बघतो, गावातल्या बँकमित्राकडून पैसे काढतो आणि दोन-तीन महिन्यांतून एकदाच काढतो. घरबसल्या त्याची मिळकत वाढली, एक रुपयाही जादा न कमावता.

दुसरी एक बाई रिसोडकडच्या गावातली. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. नवऱ्यामागे छोटे किराणा दुकान चालवते. तिला लोक फसवत. दोनशेची म्हणून शंभराची देत. तिनेच मला तिची युक्ती शिकवली. नव्या नोटांत शंभराची लांबी १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची सारखी. फरक अवघा चार-चार मिलिमीटरचा, पण तिने शंभराच्या नोटेच्या मापाचा पुठ्ठा कापून ठेवला आहे. नोट त्याच्यावर ठेवायची, कडेला किती बाहेर येते ते बोटाने बघायचे. शंभर आणि पुढच्या नोटांच्या कडांवर उंचावलेल्या तिरप्या रेघा असतात. नवी नोट असली तर त्याही लागतात, चुरगळलेली असली तर लागत नाहीत. मग घडीही ठरलेली. पाचशेची उभी, दोनशेची आडवी, शंभराची चौपदरी. वीस रुपयांचे नाणे बाराकोनी आहे, ते अंधारातही ओळखू येते. आता तिच्या भाच्याने मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचे 'मनी' नावाचे साधन घालून दिले आहे. ते २०२० च्या जानेवारीत निघाले. नोट समोर धरली की बोलून सांगते. शिवाय मोबाइलने पैसे आले की मोठ्याने बोलणारा डबा दुकानात बसवला आहे. ती म्हणते, "डबा बोलला तरच साखर द्याची, गिऱ्हाईक बोललं म्हणून नाई."

तिसरा हमाली करणारा तरुण. ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याची मजुरी त्याचा चुलतभाऊ उचलायचा आणि मनाला येईल तेवढी हातावर ठेवायचा. हा भांडणार तरी कसा? आम्ही त्याला भिंतीवरचे कॅलेंडर दिले. कामावर गेला की चौकटीत एक रेघ, अर्धा दिवस असेल तर टिंब. शनिवारी कॅलेंडर आडत्यापुढे धरायचे. बोलायची गरजच नाही. दोन आठवड्यांत आडत्या थेट त्याच्याच हाती पैसे देऊ लागला. त्याचे स्वतःचे खाते निघाले. चुलतभाऊ माझ्यावर अजून रागावून आहे. असो.

या मंडळींचा आम्ही एक गट केला. बचत गटाला सहसा दहा माणसे लागतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पण राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान, आपण ज्याला 'उमेद' म्हणतो, त्याच्या नियमांत दिव्यांगांच्या गटाला पाच माणसेही चालतात, आणि बायका-पुरुष एकत्रही चालतात. आमच्याकडे फार कमी लोकांना हे माहीत आहे. महिना शंभर रुपये बचत, ठरलेल्या दिवशी बैठक, आपसांत कर्ज, वेळेत परतफेड आणि लिहिलेली वही, ही पंचसूत्री त्यांनाही लागू. खजिनदार कोण? ती दुकानवाली बाई. ती पैसे मोजू लागली की सगळे चूप बसतात.

सारेच काही गोड झाले असे मी म्हणणार नाही. एका सभासदाने गटाचे कर्ज घेऊन जत्रेत खर्च केले, ते वसूल व्हायला वर्ष लागले. एकाला एका दलालाने "महामंडळाचं कर्ज माफ होतं, फक्त दोन हजार दे" म्हणून फसवले. बंधूंनो, दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचे कर्ज हे कर्जच असते. ते व्याजाने सोपे असते, पण फेडायचे असते. देशपातळीवरचे असे महामंडळ १९९७ साली निघाले, राज्यातही आहे. अर्ज करायला दलाल लागत नाही. ज्याला मध्यस्थ पैसे मागतो, तो अर्ज तिथेच फाडून टाका.

अनुदानाबद्दलही दोन शब्द. अनुदान जरूर घ्यावे, तो हक्क आहे. २०१८ पासून ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे आहेत. ग्रामसभेत उठून विचारा, यंदा ते कशावर खर्चले? पण अनुदानाला पगार समजू नका. ते चार महिने थकले तर घर कशावर चालेल, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवा. तिसरा डबा त्यासाठीच.

आपल्या विदर्भाला हा विचार परका नाही. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन वसवले. ज्यांची बोटे झडली होती, ज्यांना घरच्यांनी बाहेर काढले होते, त्या माणसांनी तिथे शेती केली, कापड विणले, धान्य पिकवले. तिकडे कोल्हापूरला स्वतः चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली आपल्यासारख्यांसाठी संस्था काढली. या सगळ्यांनी माणसाला नुसते जेवू घातले नाही, त्याच्या हाताला काम दिले. पण आनंदवन प्रत्येक गावात निघणार नाही. प्रत्येक गावात घरे मात्र आहेत. जे तिथे संस्थेने केले ते इथे घराने करायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "साहेब, आमच्या घरी कोणी अपंग नाही." नसेना का. मळणीयंत्र विचारून हात नेत नाही. म्हणून दोन कामे या आठवड्यातच करा. पहिले, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वय अठरा ते सत्तर, वर्षाला वीस रुपये. अपघातात मृत्यू झाला किंवा दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. खात्यात वीस रुपये शिल्लक नव्हते म्हणून विमा बंद पडलेला, अशी घरे मी पाहिली आहेत. दुसरे, शेतकऱ्यांसाठीची जुनी विमा योजना २०२३ पासून शासनच सानुग्रह अनुदान म्हणून चालवते. दहा ते पंच्याहत्तर वयाचा खातेदार आणि त्याच्या घरातला एक जण तिच्यात येतो. अपघात झाला तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत प्रस्ताव द्या, रडण्यात महिना घालवू नका. आणि यंत्रावर काम करताना सैल बाही, उपरणे, कडे नको. पेंढी टाकायची घसरण लांब आणि वरून झाकलेली आहे का, ते आधी बघा. नसेल तर यंत्र परत पाठवा. अशा यंत्रांसाठी केंद्राने १९८३ सालीच कायदा केला होता. पण कायदा खळ्यावर येऊन उभा राहत नाही, तुम्हालाच उभे राहावे लागते.

आता शेवटी त्या माणसाचे सांगतो. आज त्याच्याकडे सात शेळ्या आहेत. एका पावसाळ्यात दोन पिल्ले दगावली, तेव्हा तो खचला होता. पण अडचणीच्या डब्याने त्याला तारले. मुलगी आता कॉलेजात आहे. वही तो स्वतःच लिहितो, डाव्या हाताने.

मागच्या पेरणीच्या वेळी मी त्या गावी गेलो होतो. थोरल्याला खताला पैसे कमी पडत होते. त्याने धाकट्याकडे आठ हजार मागितले. धाकट्याने डबा उघडण्याआधी वही उघडली. तारीख लिहिली, रक्कम लिहिली, सोयाबीनच्या पट्टीतून परत असे लिहिले आणि वही भावापुढे सरकवली. "दादा, इथं सही कर," म्हणाला. थोरल्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग हसून सही केली. सोयाबीन विकले त्या संध्याकाळी पैसे परत आले, आणि त्या ओळीवर धाकट्याने आडवी रेघ मारली.

घर मोडले नाही, वाचकहो. भाऊ भावाजवळच आहेत, एकाच चुलीवर जेवतात. मला जी भीती वाटली होती म्हणून मी पूर्वी तो चुकीचा सल्ला दिला, ती भीतीच खोटी होती. हिशेब लिहिल्याने नाते तुटत नाही. न विचारल्याने मात्र आतल्या आत झिजते.

तेव्हा हे पान बाजूला ठेवले की एवढे करा. तुमच्या घरी हाताने, पायाने, डोळ्याने, कानाने अधू असे कोणी असेल, तर त्याचे पासबुक या घडीला कोणाच्या खिशात आहे ते बघा. दुसऱ्याच्या खिशात असेल तर ते काढून त्याच्या हाती द्या. हात नसेल तर मांडीवर ठेवा. आणि जवळ बसून विचारा, "बोल, तुझ्या पैशाचं काय करायचं?"